शेजारचा मुलगा दोन वर्षांच्या मिशनवर चाललाय, त्याचा आठवडा नक्की कसा जातो?

गौरी_लीहाय

नमस्कार मंडळी. आम्ही युटामध्ये लीहायला राहतो, सॉल्ट लेक सिटीच्या थोडं खाली. शेजारचं कुटुंब चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सचं, म्हणजे बाहेर सगळे ज्यांना मॉर्मन म्हणतात ते. त्यांचा धाकटा आणि माझा लेक शाळेत एकत्र, बास्केटबॉलला एकत्र, दिवसभर एकमेकांच्या घरात पडीक. गेल्या महिन्यात त्याचा मिशन कॉल आला, म्हणजे धर्मप्रसाराच्या सेवेसाठी कुठे जायचं ते कळवणारं चर्चचं पत्र. आम्हालाही बोलावलं होतं, घरात पाय ठेवायला जागा नव्हती, त्याने लॅपटॉपवर पत्र उघडून मोठ्याने वाचलं आणि ब्राझील रेसिफे मिशन, भाषा पोर्तुगीज, असं आल्याबरोबर एकच गलका झाला, त्याची आजी तर रडायलाच लागली. माझा मुलगा तिथे सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होता पण घरी आल्यावर खोलीत जाऊन बसला तो जेवायलाही बाहेर आला नाही.

त्याचं म्हणणं एकच, की दोन वर्षं तो नक्की काय करणार? सकाळी उठून दारं वाजवायची आणि रात्री झोपायचं एवढंच का? फोन असेल का त्याच्याकडे? आम्ही त्याच्याशी बोलू शकतो का? मला त्याच्या आईला विचारता येईल पण ती आधीच इतकी हळवी झालीय की विषय काढला की डोळे भरून येतात तिचे. इथे कोणाला जवळून माहिती असेल तर प्लीज सांगा, अगदी सोमवार ते रविवार कसा जातो ते सांगितलं तरी चालेल. आणि निरोपाला काय द्यावं तेही सुचवा.

---

मकरंद_सँडी

गौरीताई, मी बरीच वर्षं इथेच युटात सँडीला आहे, आमच्या गल्लीतून दर वर्षी कोणी ना कोणी जातंच. आधी ढोबळ माहिती देतो, आतलं कोणीतरी जाणकार सांगेल.

मुलं 18 पूर्ण झाली की जाऊ शकतात, मुलांचं मिशन 24 महिने आणि मुलींचं 18. पूर्वी मुलांना 19 आणि मुलींना 21 ची अट होती, ती 2012 मध्ये खाली आणली आणि तेव्हापासून मुलींचं जाणं खूपच वाढलं. कुठे जायचं हे स्वतः निवडता येत नाही, अर्ज करायचा, डॉक्टर आणि डेंटिस्टचे कागद जोडायचे, बिशपच्या मुलाखती द्यायच्या आणि मग सॉल्ट लेकच्या मुख्यालयावरून जे ठिकाण येईल ते. कोणाला आयडाहो येतं कोणाला मंगोलिया. पगार वगैरे काही नाही, उलट घरचेच महिन्याला 500 डॉलर भरतात (2020 पर्यंत 400 होते), म्हणजे दोन वर्षांचे 12000 झाले. बरीच मुलं शाळेत असताना गवत कापून, पिझ्झाच्या दुकानात काम करून त्यातला वाटा स्वतः जमवतात. तुमच्या शेजारच्यानेही जमवला असेल बघा. ही रक्कम इथून जाणाऱ्या सगळ्यांना सारखी, मुलगा महागड्या जपानला जावो की स्वस्त ठिकाणी.

पोर्तुगीज शिकायची म्हणजे साधारण सहा आठवडे ट्रेनिंग, त्यातला पहिला भाग हल्ली घरूनच ऑनलाइन होतो आणि मग प्रोव्होच्या ट्रेनिंग सेंटरला. प्रोव्हो तुमच्यापासून अर्ध्या तासावर, पण म्हणून भेटायला जाता येत नाही हं, एकदा आत गेला की तो मिशनरी झाला.

---

अनघा_ओरेम

गौरी, मी सांगते, कारण माझा नवरा ब्राझीललाच होता, रेसिफे नाही पण तिथून वर फोर्तालेझाला, 2009 ते 2011. मी स्वतः त्या चर्चची नाही, माझं माहेर सांगलीचं, घरात गणपती बसतो आणि त्याचं रविवारचं चर्चही चालतं. पण त्याच्या त्या दोन वर्षांच्या डायऱ्या कपाटात आहेत, त्याने मला वाचून दाखवल्यात आणि सासूबाईंकडून दुसरी बाजूही ऐकलीय, त्यामुळे जे लिहितेय ते ऐकीव असलं तरी घरातलं आहे. काही नियम तेव्हापासून बदललेत ते मध्ये मध्ये सांगते.

पहिली गोष्ट तुझ्या मुलाला ही सांग की तो एकटा नसणार. एका क्षणासाठीही नाही. प्रत्येक मिशनरीला एक कंपॅनियन असतो आणि दोघांनी कायम एकमेकांच्या नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात राहायचं, बाथरूम सोडून. कंपॅनियन आपण निवडत नाही, मिशन प्रेसिडेंट, म्हणजे त्या भागातल्या मिशनऱ्यांचे प्रमुख, ठरवतात, आणि साधारण सहा आठवड्यांनी ट्रान्सफर असते तेव्हा जोडी बदलू शकते, गाव बदलू शकतं, किंवा काहीच बदलत नाही. नवऱ्याचा पहिला कंपॅनियन साओ पावलोकडचा, त्याला इंग्लिशचा एक शब्द येत नव्हता आणि ह्याला पोर्तुगीज फक्त ट्रेनिंगपुरतं. दोघं 19-20 वर्षांचे, एका खोलीत, एकाला पंखा फुल लागतो दुसऱ्याला थंडी वाजते. नवरा म्हणतो की लोकांनी तोंडावर दार लावलं त्याचं काही वाटायचं नाही, खरं कठीण होतं ते ज्याच्याशी पटत नाही त्याच्याबरोबर सकाळी साडेसहाला गुडघ्यावर बसून प्रार्थना करणं आणि मग दिवसभर त्याच्याच शेजारी चालणं. आणि खरं सांगू का, नवरा म्हणून तो जो काही आहे ना, भांडण झाल्यावर न बोलता बसून राहत नाही, आधी येऊन बोलतो, ते तो तिथेच शिकला असं मला मनापासून वाटतं.

आता आठवडा. सोमवार हा त्यांचा प्रिपरेशन डे, सगळे पी-डे म्हणतात. सुट्टी म्हणायची पण सुट्टी नव्हे. कपडे धुणं, किराणा, केस कापणं, घर झाडणं, आणि घरी मेल करणं. फोर्तालेझाला त्यांच्या घरामागे सिमेंटचं धुण्याचं टाकं होतं, त्यालाच रेघारेघांचा उतरता दगड जोडलेला, त्यावर आठवड्याचे पांढरे शर्ट घासायचे. कॉलर लाल मातीने आणि घामाने अशी काही होते की साबणाने निघत नाही, शेवटी शेजारच्या एका म्हातारीने त्याला आधी लिंबू चोळून उन्हात ठेवायला शिकवलं. युटात आईने मशीन लावून दिलेलं पोर ते, शर्टाला कॉलर आतून वेगळी धुवावी लागते हे त्याला तिथे कळलं. मग सायबर कॅफे, तिथे लॅन हाऊस म्हणतात, ठराविक वेळात सगळ्या मेल वाचायच्या आणि घरच्यांना एक मोठी मेल, मिशन प्रेसिडेंटना एक छोटी. संध्याकाळी सहा वाजले की पी-डे संपला, टाय लावून परत कामाला.

त्या काळी घरी फोन वर्षातून दोनदाच, ख्रिसमस आणि मदर्स डेला. सासूबाई सांगतात की त्या मदर्स डेला फोनपाशी सकाळपासून बसून होत्या आणि फोन आला तर ह्याला इंग्लिश आठवेना, मध्ये मध्ये पोर्तुगीज शब्द घुसत होते, आणि त्यांना एकीकडे अभिमान वाटत होता आणि एकीकडे आपलं पोर परकं झाल्यासारखं. 2019 च्या फेब्रुवारीपासून हे बदललं, आता दर आठवड्याला पी-डेला घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. तुझ्या शेजारणीला ह्याचा खूप आधार आहे, मागच्या पिढीच्या आयांना हे नव्हतं.

बाकीचे दिवस साचा एकच. 6:30 ला उठायचं, अर्धा तास व्यायाम, आवरून नाश्ता, मग आठच्या सुमारास एकट्याने अभ्यास, त्यानंतर कंपॅनियनबरोबर अभ्यास, नवीन असेल तर भाषेचा वेगळा. दहाच्या पुढे बाहेर. रात्री नऊ-साडेनऊला घरी, उद्याचं प्लॅनिंग, डायरी, 10:30 ला दिवे बंद. हल्ली वेळा थोड्या मागेपुढे करायची मुभा देतात, देशाप्रमाणे. टीव्ही नाही, सिनेमे नाहीत, गाणी चर्चला चालतील तीच, मुलींशी डेटिंग तर नाहीच, मिठी मारणंही नाही. त्याच्या वेळी साधा डबडा फोन असायचा दोघांत एक. आता स्मार्टफोन असतो पण त्यावर ठराविकच अॅप, आणि फेसबुकवर लोकांशी ओळखी काढणं हाही कामाचा भाग झालाय.

ब्राझीलमध्ये दार वाजवायची पद्धतच वेगळी. घराला बाहेर गेट असतं, तिथे उभं राहून टाळ्या वाजवायच्या, मग आतून कोणीतरी डोकावतं. नवरा अजूनही कधी कधी आमच्या ओळखीच्यांच्या दारात विसरून टाळ्या वाजवतो. पण नुसत्या टाळ्या वाजवून फारसं कोणी मिळत नाही हे त्यांनाही माहीत असतं. खरं काम चालतं ते चर्चच्या लोकांनी कोणाचं तरी नाव सांगितलं की त्यांच्याकडे जाऊन. पहिल्या भेटीत चर्च स्थापणाऱ्या जोसेफ स्मिथची गोष्ट, 1820 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पालमायराजवळच्या झाडीत त्याने केलेली प्रार्थना, 1830 मध्ये छापलेलं बुक ऑफ मॉर्मन म्हणजे त्यांचा धर्मग्रंथ, आणि एक प्रत हातात देऊन अमुक पान वाचून ठेवाल का म्हणून विचारायचं. पुढच्या भेटीला वाचलंय का बघायचं. बहुतेक वेळा वाचलेलं नसतं, पण कोणी वाचलेलं असलं की त्या दिवसाची डायरी दोन पानं.

दुपारचं जेवण ही तिथली सगळ्यात सुंदर गोष्ट. चर्चमध्ये एक कॅलेंडर फिरतं आणि कुटुंबं आपापल्या तारखा लिहितात, त्या दिवशी मिशनरी त्यांच्याकडे जेवायला. भात, फेजाँव म्हणजे त्यांच्या घेवड्याची दाट आमटी, वर फारोफा म्हणजे परतलेलं कसाव्याचं भरड पीठ, आणि चिकनचा तुकडा. घर पत्र्याचं, बाईला तीन पोरं, नवऱ्याला काम नाही आणि ती ह्या दोन परक्या पोरांना सगळ्यात मोठा तुकडा वाढतेय. एकदा ह्याच्या लक्षात आलं की ती स्वतः जेवत नाहीये, नंतर जेवते म्हणाली, आणि पातेल्यात काही उरलेलं नव्हतं. त्यानंतर त्याने कुठेही पहिल्यांदा वाढतानाच पुरे म्हणायला सुरुवात केली. हे सांगताना त्याचा आवाज अजूनही बदलतो.

मंगळवार-बुधवारात कधीतरी आसपासच्या दोन-तीन जोड्यांची एकत्र मीटिंग असते, आठवड्यातून एकदा पूर्ण आठवड्याचं प्लॅनिंग. कोणाचं घर रंगवायला मदत, कोणाचं सामान हलवणं, इंग्लिशचे फुकट क्लास, ही सेवाही आठवड्यात असते.

एक गोष्ट मला लग्नाआधी माहीतच नव्हती. कोणी बाप्तिस्मा घ्यायला तयार झालं आणि ते जोडपं लग्न न करता एकत्र राहत असेल तर आधी लग्न करावं लागतं. आणि गरीब वस्तीत अशी जोडपी खूप, वीस-वीस वर्षं संसार झालेली, नोंदणी करायला पैसे आणि कागद नाहीत म्हणून राहिलेली. मग ही दोन पोरं त्यांच्याबरोबर कार्तोरिओत, म्हणजे आपल्या रजिस्ट्रार ऑफिससारख्या ठिकाणी, रांगेत. जन्मदाखला दुसऱ्याच राज्यात, तो मागवायचा, त्यात नाव चुकलेलं. नवऱ्याचे मिशनमधले कित्येक गुरुवार-शुक्रवार ह्यातच गेले. एका जोडप्याच्या लग्नाला त्यांची स्वतःची मुलगी पोटुशी होती आणि तिनेच आईच्या केसांत फुलं माळली.

आणि रविवार. तुला वाटेल रविवारी आराम. सगळ्यात दमवणारा दिवस तोच. आठवडाभर ज्यांनी ज्यांनी चर्चला येतो म्हणून सांगितलेलं असतं त्यांना घ्यायला सकाळी घरोघरी जायचं. पायी, पांढरा शर्ट टाय, आठ वाजताच ऊन भाजतंय. पहिल्या घरी टाळ्या वाजवल्या, कोणी नाही. दुसऱ्या घरी पोरगं येऊन सांगतं आई नाहीये, आणि आई मागच्या खोलीत बोलतेय ते ऐकू येतं. तिसऱ्या घरी माणूस रात्रीच्या दारूतून उठलेला नाही. असे पाच-सहा गेट करून दोघंच चर्चला पोचायचे. आणि मग एखाद्या रविवारी ज्याची काही आशा नव्हती तो माणूस इस्त्रीचा शर्ट घालून गेटपाशीच उभा. नवरा म्हणतो की त्या एका माणसावर महिना काढता येतो. पूर्वी सभा तीन तास चालायच्या, 2019 पासून दोन तास झाल्यात. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास, दोन वेळचं जेवण सोडायचं आणि पाणीही नाही, आणि त्या जेवणाचे पैसे गरिबांसाठी द्यायचे. त्या उन्हात निर्जळी करून चालायचं, मला तर एकादशीला साबुदाणा खाऊनही दुपारी डोकं दुखतं.

बाप्तिस्मा असेल तर तो शनिवार-रविवारी, चर्चमध्येच छोटं हौद असतं, दोघं पांढऱ्या कपड्यांत उतरतात आणि पूर्ण डोकं पाण्याखाली जावं लागतं, केसाचं टोक वर राहिलं तरी परत. दोन वर्षांत असे प्रसंग मोजकेच येतात.

तुझ्या मुलाला सांग, दारं वाजवणं हा त्यातला लहान भाग आहे.

---

सुहास_पुणे

अनघाताई, वाचून खूप चांगलं वाटलं, पण मला एक मनापासून खटकतं ते लिहितो, राग मानू नका. 18 वर्षांच्या मुलाला स्वतःचीच श्रद्धा नीट समजलेली नसते, आणि त्याला तुम्ही दुसऱ्या देशात पाठवता, तिथल्या माणसाला तुझा धर्म सोड आमचा घे हे सांगायला. त्या माणसाकडे स्वतःचं चर्च आहे, देव आहे, सणवार आहेत. पत्र्याच्या घरातल्या बाईला पुढे चर्चला उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यायला सांगणं हे मला योग्य वाटत नाही.

आणि दुसरं, जे जात नाहीत त्यांचं काय? किंवा अर्ध्यात परत येतात त्यांचं? माझा एक सहकारी होता युटाचा, काही महिन्यांतच परत आला कारण त्याला झोप लागेना, छातीत धडधड, पॅनिक अॅटॅक. गावात परत आल्यावर लोक काही बोलायचे नाहीत, पण ज्या घरात परतणाऱ्यांसाठी एअरपोर्टवर बॅनर घेऊन वीस माणसं जातात तिथे ह्याला फक्त वडील घ्यायला गेले होते. ते त्याला इतक्या वर्षांनीही लागून राहिलंय. मुलांवर दबाव नसतो असं म्हणणं बरोबर नाही.

---

अनघा_ओरेम

सुहासदादा, राग कशाचा, ह्यातलं बरंच माझंही म्हणणं आहे आणि आमच्या घरात ह्यावर बोलणं होतं.

परत येण्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते शंभर टक्के खरं आहे. माझ्या दिराच्या बाबतीत हेच झालं, तो लवकर परत आला तेव्हा सासऱ्यांनी मुद्दाम सगळ्या कुटुंबाला एअरपोर्टवर नेलं, बॅनरसकट, आणि ओळखीच्या काही लोकांना ते आवडलं नव्हतं. सासरे म्हणाले माझा मुलगा घरी आलाय, बॅनर त्यासाठी आहे. आता मिशनवर असताना समुपदेशकाशी बोलायची सोय असते आणि ज्यांना तब्येतीमुळे बाहेर राहणं झेपत नाही त्यांच्यासाठी घरी राहून सेवा करायचं मिशनही आहे, फूड बँकेत वगैरे. पण माणसांच्या नजरा नियमाने बदलत नाहीत, ते हळूहळूच होतंय. गौरी, तुझ्या मुलाला ह्याची कल्पना असू दे, मित्र जर मध्येच परत आला तर कारण न विचारता बास्केटबॉल घेऊन जा एवढं त्याला सांगून ठेव.

धर्मप्रसाराबद्दल माझं आणि नवऱ्याचं एकमत नाही. मला स्वतःला कोणी धर्म बदल म्हटलं तर आवडणार नाही, त्याने मला कधी म्हटलंही नाही. पण तो हे सांगतो की तिथे गेटवर जे प्रश्न यायचे त्यांनी त्याला बदललं. फोर्तालेझातल्या एका काळ्या शिक्षकाने त्याला सरळ विचारलं होतं की 1978 पर्यंत तुमच्या चर्चने माझ्यासारख्या माणसाला पुरोहितपद का दिलं नाही. ह्याच्या जन्माआधीची गोष्ट, घरी कोणी कधी नीट बोललेलं नाही, आणि समोर माणूस उत्तराची वाट बघत उभा. त्याने पाठ केलेलं काहीतरी उत्तर दिलं आणि त्या रात्री डायरीत लिहिलंय की मी जे बोललो ते मलाच पटलं नाही. बहुपत्नीत्वाबद्दलही तेच, 1890 मध्ये चर्चने ते सोडल्याचं जाहीर केलं तरी लोक पहिला प्रश्न तोच विचारतात. घरी प्रोव्होत बसून ह्या प्रश्नांशी त्याची गाठ पडली नसती. तो शिक्षक पुढे चर्चमध्ये आला नाही, पण दर आठवड्याला ह्यांना बसवून पोर्तुगीज सुधारून द्यायचा.

दहाव्या हिश्श्याबद्दल मात्र मी तुमच्या बाजूची आहे.

---

प्रफुल्ल_लोगन

मी युटातच लोगनला शिकायला होतो तेव्हा आमच्या अपार्टमेंटला दोन एल्डर, म्हणजे हे मिशनरी मुलगे, यायचे. आम्ही चार मराठी पोरं, पहिल्यांदा आले तेव्हा बाहेर बर्फ, आम्ही आपले चहा टाकला, आलं घालून, आणि ते दोघं नको म्हणाले. आम्हाला वाटलं लाजतायत, आपल्याकडच्यासारखा आग्रह सुरू केला, अरे घोटभर तरी घ्या, अर्धा कप घ्या. बिचारे लाल झाले. मग कळलं की चहा कॉफी दारू तंबाखू हे त्यांच्यात चालतच नाही. दूध हळद चालतं, लिंबू सरबत चालतं, कोकम सरबत तर एकाने तीन ग्लास प्यायलं. तेव्हा कोणाच्या घरी आले तर चहाचा आग्रह करू नका आणि पाणी आधी विचारा, दिवसभर सायकलवर असतात.

आम्ही स्पष्ट सांगितलं होतं की आम्हाला चर्चमध्ये यायचं नाही पण जेवायला कधीही या. आणि ते यायचे, वरणभात खायचे, आमच्यातल्या एकाचा सोफा तिसऱ्या मजल्यावर चढवून दिला. नको असेल तर स्पष्ट पण नीट सांगा, ते ऐकतात. दार न उघडता आत गप्प बसून राहायचं मला योग्य वाटत नाही, 19 वर्षांची पोरं आहेत ती, आईपासून हजारो मैल लांब आलेली.

सुहासदादा पुण्याचे म्हणून सांगतो, ह्यांचे मिशनरी आपल्याकडे फार आधी येऊन गेलेत. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी 1852 मध्ये मुंबईत उतरला, तिथून पुण्याला गेला आणि लष्करी छावणीच्या आसपासच्या लोकांमध्ये छोटी शाखाही उभी केली. चर्चची स्थापना 1830 ची, म्हणजे चर्च जेमतेम बावीस वर्षांचं आणि सॉल्ट लेकला ही माणसं पोचून पाच वर्षं झालेली. छावणीतल्या अधिकाऱ्यांचा आणि पाद्र्यांचा विरोध झाला, काम काही टिकलं नाही, 1850 च्या दशकातच ते सगळे निघून गेले. मी पुण्याचा असून हे मला लोगनच्या लायब्ररीत कळलं. तेव्हा आठवड्याला फोन सोडा, घरचं पत्र जहाजाने यायला महिने लागायचे.

---

गौरी_लीहाय

सगळ्यांचे खूप खूप आभार, अनघा तुझं तर किती मानू. मी ते सगळं मुलाला मराठीतून वाचून दाखवलं, त्याला कार्तोरिओ आणि लग्नाचा भाग फार आवडला, आणि रविवारच्या गेटचं ऐकून म्हणाला की त्याला हे जमेल, तो फ्री थ्रो चुकला तरी परत तसाच टाकायचा. सुहासदादांचं पण वाचलं, त्यावर काही बोलला नाही पण ऐकत होता नीट.

आता दोनच प्रश्न. पुढच्या रविवारी त्याचं फेअरवेल आहे आणि त्यांनी आम्हाला चर्चमध्ये बोलावलंय, आम्ही गेलो तर चालतं का, काय घालायचं, आणि तिथे आम्हाला काही करावं लागतं का? आणि भेट काय देऊ? मी चांगला मसाला चहा द्यायचा विचार करत होते, बरं झालं प्रफुल्लने लिहिलं. आणि मुलगा विचारतोय की तो त्याला कधी मेल करू शकेल.

---

मकरंद_सँडी

नक्की जा. साधे नीटनेटके कपडे, साडी किंवा पंजाबी ड्रेस उत्तम, मुलाला शर्ट पँट. तो साधारण दहा मिनिटं बोलेल, बाकी दोन-तीन भाषणं आणि गाणी. मध्ये ब्रेडच्या तुकड्यांचा ट्रे फिरतो आणि मग छोट्या कपांत पाण्याचा, तो तुमच्याकडे आला की नुसता शेजारच्याला द्यायचा, घ्यायला हवंच असं काही नाही आणि कोणी बघतही नाही. त्यानंतर बहुतेक त्यांच्या घरी जेवण असतं, तिथे काहीतरी करून न्या, आमच्याकडे पुरणपोळीच्या निम्म्या चकत्या तर दारातच संपल्या होत्या.

भेट म्हणून बूट सगळ्यात कामाचे, पण मापाचा प्रश्न असतो, आईला विचारून घ्या. नाहीतर टाय, पातळ सुती मोजे, चांगल्या बांधणीची डायरी. सामानाला वजनाची मर्यादा असते तेव्हा जड काही नको.

---

अनघा_ओरेम

मोजेच दे, भरपूर दे. नवऱ्याच्या बुटांना दोन वर्षांत तळ दोनदा बदलावा लागला आणि मोजे तर चाळण झाले होते. आणि एक टाय तुझ्या मुलाला स्वतः निवडू दे.

मेल त्याला पहिल्या आठवड्यापासून करता येईल, पत्ता त्याच्या आईकडून घे. तो उत्तर पी-डेलाच देईल आणि ते छोटं असेल, कारण वेळ कमी आणि मेल खूप असतात, तेव्हा मुलाने मनाला लावून घेऊ नये. ट्रेनिंग सेंटरला असताना पी-डेचा वार वेगळा असू शकतो, ते आधी विचारून घ्या. रेसिफेला गेल्यावर बहुतेक सोमवार. तिथलं घड्याळ तुमच्या पुढे असतं, उन्हाळ्यात तीन तास आणि हिवाळ्यात चार, म्हणजे मुलाने रविवारी रात्री झोपायच्या आधी मेल टाकली की ह्याला सोमवारी सकाळी उघडल्यावर मिळेल. घरचं सगळं कुशल असं लिहू नको म्हणावं, ते आई लिहितेच. कोणाची मॅच कशी झाली, कोण कोणाशी भांडलं, शाळेजवळच्या त्या टॅकोवाल्याने भाव वाढवले का, असलं लिही. नवऱ्याने अशाच मेलचे प्रिंट काढून जपून ठेवलेत.